भाच्याच्या स्वरयंत्रातील पॅपिलोमा पुन्हा पुन्हा का उगवतो, आणि यावर नागपुरात राहून संशोधन करता येईल का?

मावशी_धरमपेठ

नमस्कार. माझा भाचा सहा वर्षांचा आहे आणि गेल्या अडीच वर्षांत त्याच्या स्वरयंत्रावर नऊ शस्त्रक्रिया झाल्या आहेत. आजाराचे नाव रिकरंट रेस्पिरेटरी पॅपिलोमॅटोसिस. डॉक्टर मंडळी आरआरपी एवढेच म्हणतात. मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, ६ आणि ११ या प्रकारांमुळे स्वरतंतूंवर आणि श्वासमार्गात चामखिळींसारखी वाढ, म्हणजे पॅपिलोमा, होते, इतके मी वाचलेले आहे.

निदान होण्यापूर्वी जवळजवळ दीड वर्ष त्याच्यावर बालदम्याचे उपचार चालले होते. आवाज आधी घोगरा झाला, मग इतका बसला की तो रडत असला तरी शेजारच्या खोलीत कळत नसे. घरी नेब्युलायझर होताच, तोच दिवसातून चार वेळा लावत राहिलो. एका रात्री श्वास ओढताना त्याच्या गळ्याखालचा खड्डा आत जाऊ लागला, तेव्हा कोठे दुर्बिणीने घसा तपासला गेला. ते चित्र मी पडद्यावर स्वतः पाहिले. पिकत आलेल्या तुतीसारखे गुलाबी, ओलसर दाण्यांचे घोस होते आणि त्यांच्यामधून हवा जायला तांदळाच्या दाण्याएवढी फट उरली होती.

मी सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले आहे आणि पीएच.डी.साठी विषय ठरवते आहे. हाच विषय घ्यावा असे मनापासून वाटते, परंतु ज्या मार्गदर्शकांशी बोलले त्यांचे म्हणणे असे पडले की रुग्ण थोडे, हा विषाणू साध्या पेशीसंवर्धनात वाढत नाही आणि प्रयोगाला प्राणीही मिळत नाही, तेव्हा दुसरा विषय पाहावा. माझ्या मनात मात्र तीन गोष्टी अडकून बसल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर स्वरतंतू अगदी स्वच्छ दिसतात, मग सहा-आठ आठवड्यांत वाढ परत येते ती कोठून? ताईची धाकटी मुलगी ठणठणीत आहे; मग विषाणूने एकाच मुलाला का धरले? आणि पीसीआर यंत्र (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणारे), एक शीतकपाट व थोडीफार चिकाटी एवढ्या भांडवलावर नागपुरात यातले काय करता येईल?

ताई स्वतःला दोष देते, हेही लिहून ठेवते. त्याचे शास्त्रीय उत्तर मिळाले तर मला ते तिला वाचून दाखवायचे आहे.


कानघसा_नागपूर

ताई, मी येथे बावीस वर्षे कान-नाक-घसा शल्यचिकित्सा करीत आहे. विदर्भातून, छिंदवाडा-बालाघाटकडून आणि राजनांदगावकडून येणारी अशी मुले मी पाहिलेली आहेत, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर दमा किंवा घशाची सूज असेच लिहिलेले असते. दम्याचा आवाज श्वास सोडताना छातीतून येतो, तर स्वरयंत्र अरुंद झाल्याचा आवाज श्वास आत घेताना गळ्यातून येतो. शिवाय दम्याने मुलाचा आवाज महिनोन्‌महिने घोगरा राहत नाही. लहान मुलाचा घोगरा आवाज काही आठवड्यांत सुधारला नाही, तर त्याचे स्वरयंत्र पाहिलेच पाहिजे. हे एक वाक्य प्रत्येक बालरोग बाह्यरुग्ण विभागात भिंतीवर लावावे असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता तुमच्या ताईंसाठी. हा विषाणू इतका सर्वत्र पसरलेला आहे की लैंगिक जीवन सुरू झालेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकांना तो आला-गेल्याचे कळतही नाही. पहिले अपत्य, नैसर्गिक प्रसूती आणि आईचे कमी वय हे तीन घटक या मुलांमध्ये अधिक आढळतात, हे खरे आहे. परंतु डेन्मार्कमधील नोंदींवर आधारलेल्या २००३ च्या अभ्यासात, ज्या मातांना गरोदरपणी जननेंद्रियावर चामखिळी असल्याची नोंद होती त्यांच्याही दर १००० प्रसूतींमागे केवळ ७ मुलांना हा आजार झाला, आणि सिझेरियनने संरक्षण मिळाल्याचे त्या अभ्यासात दिसले नाही. म्हणजे ज्यांना धोका सर्वांत जास्त, त्यांच्यातही ९९३ मुले सुटली. तेव्हा पोटावर टाके घालून घेतले असते तर मुलगा वाचला असता, असे कोणी त्यांना ऐकवले असेल तर ते त्यांनी मनातून काढून टाकावे.

शस्त्रक्रियेविषयी थोडेसे. आम्ही मायक्रोडेब्रायडरने, म्हणजे फिरत्या सूक्ष्म पात्याने, किंवा लेझरने वाढ काढतो, पण खालचे अस्तर जपतो. दोन्ही स्वरतंतू जेथे पुढे एकमेकांना मिळतात, तेथे दोन्ही बाजू एकाच वेळी खरवडल्या तर मध्ये पापुद्रा धरतो आणि आवाज कायमचा जातो. म्हणून थोडा पॅपिलोमा जाणूनबुजून मागे ठेवावा लागतो. गळ्याला छिद्र पाडून नळी बसवणेही शक्यतो टाळतो, कारण नळीच्या जागी विषाणूला नवी जमीन मिळते आणि वाढ श्वासनलिकेत खाली उतरू शकते. फुप्फुसापर्यंत पोचलेला आजार फार थोड्या रुग्णांत दिसतो, परंतु तो पाहिलेला शल्यचिकित्सक तो विसरत नाही. विषाणूच्या जीवशास्त्राविषयी मात्र माझ्यापेक्षा अधिकारी माणसाने लिहावे.


पेशी_आणि_विषाणू

मी मूळचा नागपूरचा, सध्या पुण्यात एका प्रयोगशाळेत पॅपिलोमा विषाणूंवर काम करतो. तुमचा पहिला प्रश्न हाच या आजाराचा गाभा आहे, म्हणून तेथूनच सुरुवात करतो.

एचपीव्हीचा कण अवघा ५५ नॅनोमीटरचा, वर प्रथिनांचे कवच आणि आत सुमारे ८००० बेसजोड्यांचा, म्हणजे अक्षरांच्या जोड्यांचा, डीएनएचा वर्तुळाकार धागा. अस्तराला बारीक खरचटले की तो सर्वांत खालच्या थरातील पेशींपर्यंत पोचतो. अस्तराची ही रचना एखाद्या इमारतीसारखी डोळ्यांसमोर आणावी: तळमजल्यावर पेशींचे विभाजन होत राहते, नव्या पेशी एकेक मजला वर सरकतात, पक्व होतात आणि शेवटी गच्चीवरून झडून जातात. विषाणू तळमजल्यावरच्या पेशीत आपल्या जनुकसंचाच्या मोजक्या प्रती, पेशीच्या गुणसूत्रांत न मिसळता, सुट्या ठेवतो आणि जवळपास गप्प राहतो. त्याची ई६ आणि ई७ ही प्रथिने पक्व होऊ पाहणाऱ्या पेशींना विभाजनाच्या कामात गुंतवून ठेवतात. ६ आणि ११ या प्रकारांत ही प्रथिने १६ व १८ या कर्करोगकारक प्रकारांच्या मानाने दुबळी असतात, म्हणून बहुधा साधी गाठ होते, कर्करोग क्वचित. कवचाची एल१ आणि एल२ ही प्रथिने मात्र अगदी वरच्या मजल्यावर, झडण्याच्या बेतात असलेल्या पेशींतच तयार होतात. तेथे रोगप्रतिकारशक्तीचे पहारेकरी फारसे फिरकत नाहीत. पेशी फुटत नाही, दाह होत नाही, रक्तात विषाणू उतरत नाही. त्यामुळे शरीराला हाक ऐकूच जात नाही.

विषाणू साध्या बशीत का वाढत नाही, याचे कारणही हेच. एकाच थरातील पेशींना मजलेच नसतात. हवेच्या संपर्कात, कोलॅजनच्या तराफ्यावर अस्तराचे सगळे थर उभे करावे लागतात, तेव्हा कोठे त्याचे पूर्ण जीवनचक्र पाहता येते. आणि एचपीव्ही फक्त माणसाचा. सशाचा पॅपिलोमा विषाणू १९३३ पासून माहीत आहे आणि उंदराचा २०११ मध्ये सापडला, पण ते त्या त्या प्राण्याचे आहेत. त्यांच्यावरून तुलना करता येते, एचपीव्ही ११ ची लागण त्यांना करता येत नाही. तुमच्या मार्गदर्शकांची अडचण खरी आहे. तरीही हा आजार विषाणूचा आहे हे प्रथम कळले ते कोणत्याही यंत्राशिवाय: १९२३ मध्ये उलमन नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाच्या स्वरयंत्रातील पॅपिलोमा वाटून त्याचा अर्क स्वतःच्या हाताच्या कातडीत टोचून घेतला आणि तेथे चामखिळी उगवल्या. आज असे कोणी करू नये, कोणी करूही देणार नाही, पण पुढची जवळजवळ साठ वर्षे त्यापलीकडचा पुरावा हाती नव्हता. १९८२ मध्ये हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने स्वरयंत्रातील पॅपिलोमामधूनच एचपीव्ही ११ चा डीएनए वेगळा केला. त्सुर हाउझेन यांना पुढे २००८ चे नोबेल मिळाले ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील एचपीव्ही शोधल्याबद्दल.

आता वाढ परत कोठून येते ते. १९८३ मध्ये बेटी स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आजार शांत झालेल्या रुग्णांच्या स्वरयंत्रातील अगदी निरोगी दिसणाऱ्या अस्तरातून नमुने घेतले आणि त्यांत एचपीव्हीचा डीएनए सापडला. पॅपिलोमा हे झाड असेल तर मुळे आजूबाजूच्या स्वच्छ दिसणाऱ्या जमिनीत पसरलेली असतात. शल्यचिकित्सक झाड कापतो; जमीन कापता येत नाही, कारण ती जमीन म्हणजेच मुलाचा आवाज. निजलेल्या विषाणूचा डीएनए असतो, पण त्यावरून आरएनए, म्हणजे प्रथिने बनवण्याचा संदेश, जवळपास बनत नाही. तो कशाने जागा होतो, हे अजून नीट उलगडलेले नाही. जखम आणि तिची भरून येण्याची प्रक्रिया यांचा त्यात हात असावा असा अनेकांचा कयास आहे. पॅपिलोमा विशेषकरून जेथे चपट्या पेशींचे अस्तर संपून लव असलेल्या पेशींचे सुरू होते, त्या सीमेवर धरतो. स्वरयंत्रात अशा सीमा पुष्कळ आहेत.

एकाच मुलाला का, याचे उत्तर विषाणूपेक्षा मुलात शोधावे लागते. या रुग्णांची प्रतिकारशक्ती एरवी उत्तम असते, ती याच विषाणूकडे दुर्लक्ष करते. टी-पेशींचा, म्हणजे संसर्ग झालेल्या पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशींचा, प्रतिसाद विषाणूला मारणाऱ्या दिशेने न जाता दुसरीकडे झुकलेला आढळतो आणि काही एचएलए (प्रतिकारशक्तीला परके ओळखून देणारे) जनुकप्रकार या रुग्णांत अधिक दिसतात. हे आईच्या हाती नाही, बाळाच्याही नाही.

उपचारांचा इतिहास या जीवशास्त्राच्या उजेडात वाचला की लख्ख कळतो. १९८० च्या दशकात इंटरफेरॉन या विषाणूरोधक प्रथिनाने आशा लावली, पण परिणाम टिकला नाही. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध नव्या रक्तवाहिन्या धरू देत नाही, आणि पॅपिलोमाच्या प्रत्येक दाण्याच्या पोटात रक्तवाहिनीचा देठ असल्याने ते शिरेतून दिल्यावर वाढ झपाट्याने ओसरते. थांबवले की बहुतेकदा परत येते, कारण तळमजल्यावरचा विषाणू जागच्या जागी असतो. खऱ्या अर्थाने विषाणूवर रोख धरणारे पहिले औषध झोपापोजीन इमाडेनोव्हेक. गोरिलाच्या ॲडिनोव्हायरसवर एचपीव्ही ६ आणि ११ ची प्रथिने लादून ते त्वचेखाली चार वेळा टोचतात, म्हणजे टी-पेशींना जागे करतात. ३५ प्रौढ रुग्णांपैकी १८ जणांना उपचारानंतर १२ महिने एकही शस्त्रक्रिया लागली नाही आणि ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्रौढांसाठी त्याला मान्यता मिळाली. मुलांसाठी अजून नाही, हे तुमच्या घरी आधीच सांगून ठेवावे.

नागपुरात काय करता येईल? एकाच रुग्णाच्या नमुन्याने काय घडू शकते, याचे एक उदाहरण देतो. २०१२ मध्ये अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठात २४ वर्षांच्या एका रुग्णाच्या फुप्फुसातील गाठीच्या पेशी आणि शेजारच्या निरोगी पेशी अशा दोन्ही प्रयोगशाळेत वाढवल्या गेल्या. त्याच्या स्वरयंत्रातील एचपीव्ही ११ चा डीएनए नेहमीच्या ७.९ हजार बेसजोड्यांचा होता. फुप्फुसातील मात्र १०.४ हजारांचा, म्हणजे एक तुकडा दुप्पट झालेला. त्या पेशींवर औषधे तपासून व्होरिनोस्टॅट निवडले गेले आणि रुग्णाच्या गाठींची वाढ थांबली. एक माणूस, दोन ठिकाणचे नमुने, आणि कोणीतरी ते नीट ठेवले होते. तुमच्याकडे पीसीआर आहे. माझ्या मते प्रत्येक शस्त्रक्रियेत निघालेल्या ऊतीबरोबर भोवतालच्या स्वच्छ अस्तराचा एक तुकडाही घ्यावा आणि निजलेल्या विषाणूच्या प्रती मोजाव्यात.


कामठीचे_मास्तर

मला हा आजार वयाच्या ३८ व्या वर्षी झाला. मी शाळेत शिकवतो आणि आजवर पाच शस्त्रक्रिया झाल्या आहेत. विज्ञानाचे मला फारसे कळत नाही, पण दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली अशी की हा आजार एकत्र बसण्याने, बोलण्याने किंवा एका पेल्यातून पाणी पिण्याने पसरत नाही, हे माझ्या डॉक्टरांनी मुख्याध्यापकांना लेखी दिले, तेव्हा कोठे शिक्षक खोलीतला माझा कप पुन्हा इतर कपांबरोबर ठेवला जाऊ लागला. तुमच्या भाच्याच्या शाळेतही असे पत्र आधीच द्यावे. दुसरी, प्रत्येक शस्त्रक्रियेची तारीख, बायोप्सीचा अहवाल आणि त्याआधीच्या महिन्यात आवाज कसा होता, हे मी एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवले आहे. आवाज मोजायला माझी रीत सोपी आहे: रोज सकाळी एका दमात 'आ' किती सेकंद म्हणता येतो ते घड्याळ लावून पाहतो. चांगल्या दिवसांत १७ येतात आणि ७ वर आले की मी डॉक्टरांना फोन करतो. अशी वही कोणाच्या अभ्यासाला उपयोगी पडणार असेल तर माझी मी आनंदाने देईन.


कानघसा_नागपूर

मास्तर, ती वही सोन्यासारखी आहे. जपून ठेवावी.

पुण्याच्या सन्मित्रांनी फार सुंदर समजावले, परंतु त्यांच्या शेवटच्या वाक्याला माझा स्पष्ट विरोध आहे. मुलाच्या स्वरतंतूवरील निरोगी अस्तराचा तुकडा केवळ संशोधनासाठी कापणे मला मान्य नाही. तेथे एका मिलिमीटरचा व्रण म्हणजे जन्मभराचा घोगरेपणा. आणि आपणच लिहिले आहे की जखम विषाणूला जागे करीत असावी. जी ऊती उपचारासाठी निघतेच, तिच्यापुरतेच थांबावे. तीसुद्धा आज वाया जाते. थोडी बायोप्सीसाठी फॉर्मॅलिनमध्ये जाते आणि उरलेली पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात. मी स्वतः इतकी वर्षे हेच करीत आलो आहे आणि हे लिहिताना मला त्याचे वाईट वाटते.


पेशी_आणि_विषाणू

आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. मुलांच्या बाबतीत मी घाईने लिहिले. अस्तर न कापता, भूल दिलेली असतानाच मऊ ब्रशने वरच्या पेशी घेता येतात. त्यांत तळमजला येत नाही, ही त्या पद्धतीची मर्यादा आहे आणि प्रबंधात ती सरळ लिहावी. तेही शल्यचिकित्सकांना आणि नीतिसमितीला योग्य वाटले तरच.

त्याहून आधी करण्याजोगे काम मात्र आहे. विकृतिशास्त्र विभागांत जुन्या बायोप्सींचे मेणाचे ठोकळे वर्षानुवर्षे ठेवलेले असतात. फॉर्मॅलिनने डीएनएचे तुकडे पडतात, म्हणून पीसीआरचा लक्ष्यभाग दीडशे बेसजोड्यांच्या आसपास ठेवावा. मग जुन्या ठोकळ्यातूनही प्रकार ६ की ११ हे सांगता येते. प्रकार ११ चा आजार साधारणपणे अधिक उग्र असतो असे बाहेरचे अभ्यास सांगतात, पण निदानाच्या वेळचे लहान वय हा त्याहून प्रबळ घटक ठरतो, असेही त्यांतूनच दिसते. विदर्भातील मुलांत काय आहे ते या ठोकळ्यांतून पाहता येईल. नवे नमुने मात्र फॉर्मॅलिनमध्ये मुळीच टाकू नयेत. निघाल्याबरोबर आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात आणि मग उणे ८० अंशांवर. लेझरच्या धुरातही एचपीव्हीचा डीएनए सापडलेला आहे, तेव्हा शस्त्रक्रियागृहात उभे राहणार असाल तर एन-९५ मुखपट्टी हवी.

लसीचा प्रश्न कोणीतरी विचारेलच. लसीने एल१ प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि तळमजल्यावरच्या पेशीत एल१ नसते, म्हणून झालेला आजार तिने मुळापासून जात नाही. पुढच्या पिढीसाठी मात्र तिच्यासारखे दुसरे साधन नाही. ऑस्ट्रेलियात २००७ पासून मुलींना लस दिली गेली. तेथे मुलांमधील या आजाराचे प्रमाण २०१२ मध्ये दर लाखामागे ०.१६ होते, ते २०१६ मध्ये ०.०२ वर आले. लस निवडताना तीत ६ आणि ११ आहेत ना, एवढे पाहावे. दोनच प्रकारांची लस १६ व १८ पुरती असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या सर्व्हाव्हॅकमध्ये चारही आहेत.


मावशी_धरमपेठ

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी दिलेला डेन्मार्कचा आकडा मी काल ताईला वाचून दाखवला. तिने तो दोनदा वाचायला लावला, मग ९९३ हा आकडा कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला. त्यावर ती काही बोलली नाही, पण रात्री जेवण नीट झाले.

विषय मी आता ठरवला आहे. आधी मेणाच्या ठोकळ्यांतून प्रकार ओळखणे, मग नव्या शस्त्रक्रियांतील निघणारी ऊती जपणे, आणि मुलांच्या अस्तराला हात न लावणे. नीतिसमितीसाठी आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे वाचली. सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी सहमती पालकांच्या संमतीबरोबर घ्यावी लागते. भाचा सहाचा आहे, म्हणून कागदावर भावजींची सही पुरेल, तरीही मी त्याला विचारले. तुझ्या घशातून काढलेले तुतीचे दाणे मी डबीत ठेवून त्यांचा अभ्यास करू का, असे. त्याने कुजबुजत विचारले की डबीत ते वाढतील का. नाही वाढणार, असे सांगितल्यावर त्याने मान हलवली.

मास्तर, आपल्या वहीच्या पहिल्या काही पानांची छायाचित्रे पाठवता येतील का? एका दमातले सेकंद मोजण्याची रीत आम्ही आजपासून सुरू केली आहे. आजचे त्याचे सेकंद ४ आहेत. दहावी शस्त्रक्रिया पुढच्या मंगळवारी आहे. समितीची परवानगी त्याआधी येणे शक्य नाही, म्हणून त्या दिवशीची ऊती नेहमीप्रमाणे फॉर्मॅलिनमध्येच जाईल. निदान तिचा ठोकळा कोणत्या क्रमांकाने ठेवला जातो, तेवढे मी विकृतिशास्त्र विभागात विचारून लिहून घेणार आहे.